दोनच मिनिटं हं!

तुळशीचं लग्न लागलं, की आमच्या गल्लीत माणसांची लग्नं सुरू होतात आणि आमच्या फाटकासमोर परक्या गाड्या उभ्या राहू लागतात. पुण्याच्या जुन्या भागातली ही गल्ली. तोंडाशी एक मंगल कार्यालय, मध्ये दोन दवाखाने आणि एक कोचिंग क्लास, आणि टोकाला आमचं घर. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ते १९७४ साली बांधलं. तेव्हा अख्ख्या गल्लीत मोटार होती एकच, तीही डॉक्टरांची. आमच्याकडे स्कूटर. ‘‘एवढं रुंद फाटक कशाला हो? हत्ती बांधणार का?’’ असं शेजाऱ्यांनी विचारलं होतं म्हणे. मारुती ८०० पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली ती डिसेंबर १९८३ मध्ये. त्यानंतर मध्यमवर्गाच्या दारात हत्ती यायला फार वर्षं लागली नाहीत. गल्ली मात्र होती तेवढीच राहिली.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेवढे महिने आम्ही सुखी. (त्यातले गणपतीचे दहा दिवस सोडा. तेव्हा गाड्या नसतात, कारण मांडव असतो!) एरवी आमच्या सासूबाई पंचांग उघडतात ते एकादशी बघायला नव्हे, तर गाडी आदल्या रात्री कोपऱ्यावर नेऊन ठेवायची का, हे ठरवायला. ‘‘उद्या दोन मुहूर्त आहेत गं, सकाळचा आणि गोरज,’’ असं त्या म्हणाल्या, की आमचे ‘हे’ निमूटपणे किल्ली घेऊन उठतात.

तुमच्याकडे कार्यालय नसेल. शाळा असेल, मंदिर असेल, भाजीबाजार किंवा नावाजलेला वडापाववाला असेल. इंदूरच्या जुन्या पेठेत राहा, बडोद्यात राहा नाहीतर बेळगावात, सकाळी ऑफिसला निघताना फाटक उघडावं आणि समोर एक अनोळखी गाडी शांतपणे उभी असावी, हा अनुभव तुम्हाला नवा नसणार. हॉर्न वाजवून उपयोग नसतो, कारण ऐकायला आत कोणी नसतं. इकडेतिकडे बघावं, तर सगळे जण ‘आमची नाही’ असं मानेनंच सांगतात. आणि अर्ध्या तासानं मालक उगवला, की त्याचं वाक्य ठरलेलं असतं, ‘‘दोनच मिनिटांसाठी लावली होती हो!’’

मीही या वाक्यावर बरीच वर्षं फक्त चिडत आले. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मात्र एक शुक्रवार असा आला, की चिडणं पुरेसं नाही हे मला कळलं.

नानांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मशीनच्या वेळा ठरलेल्या असतात. आमची वेळ दुपारी एकची, आणि आमच्यानंतरचा रुग्ण साडेपाचला येऊन बसलेला असतो. त्यामुळे तुम्ही उशिरा गेलात, तर तुमचे चार तास पुढे सरकत नाहीत, ते कमी होतात. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना एवढंच सांगते, की त्या चार तासांत शरीरात साठलेलं पाणी काढलं जातं, आणि जे निघायचं राहतं ते रात्री आडवं झाल्यावर श्वासाशी भांडतं.

त्या शुक्रवारी मुहूर्त साडेबाराच्या आसपासचा होता. आदल्या रात्री गाडी कोपऱ्यावर न्यायची राहून गेली, हा आमचा दोष. सव्वाबाराला नानांना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, ह्यांनी फाटक उघडलं, आणि समोर पांढरी भलीमोठी गाडी. फाटकाला इतकी चिकटून, की मधून माणूसही आडवा होऊनच जाईल.

‘‘रिक्षा का नाही केलीत?’’ असं मला नंतर निदान दहा जणांनी विचारलं. मुहूर्ताच्या दिवशी कोपऱ्यावरच्या स्टँडला रिक्षा नसते. मोबाइलवर बोलावली, तर ती चौदा मिनिटं दाखवत होती, आणि मग तिलाही गल्लीत शिरता येईना, कारण नवरदेवाची मिरवणूक बँडसकट बरोबर गल्लीच्या तोंडाशी नाचत होती. नानांना चार पावलं टाकली की धाप लागते, कोपऱ्यापर्यंत चालवणं शक्य नव्हतं. त्यांना पुन्हा पायरीवर खुर्ची टाकून बसवलं. हे गाडीचा नंबर कागदावर लिहून कार्यालयात धावले. पण तिथे मंगलाष्टकं सुरू झाली होती. माइक गुरुजींच्या हातात! मंगलाष्टकं चालू असताना गाडीचा नंबर पुकारा, असं म्हणायचा धीर कोणाला होणार? मंगलाष्टकं संपली, तर वाजंत्री. वाजंत्री थांबली, तर पेढे. अखेर एक वाजून गेल्यावर नंबर पुकारला गेला आणि पहिल्या पंगतीतून एक गृहस्थ हात न धुताच धावत आले.

इथे मला एक खलनायक हवा होता. पण आलेला माणूस भला होता. नानांना बघून त्याचा चेहराच उतरला. ‘‘ताई, मुहूर्त गाठायचा होता. अक्षता टाकून लगेच गाडी हलवणार होतो. मग यजमानांनी हाताला धरून पंगतीला बसवलं,’’ तो म्हणाला. त्यानंच नानांना दुसऱ्या बाजूनं धरलं आणि आमच्या गाडीत बसवलं. कोणावर ओरडायचं?

मशीन सुरू झालं तेव्हा दोन वाजून गेले होते. नानांना चाराऐवजी जेमतेम तीन तास मिळाले. ती रात्र त्यांनी पाठीशी चार उशा लावून बसून काढली आणि सासूबाईंनी त्यांच्यासमोर. पहाटे चहा देताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘त्या माणसाचं जेवण तरी पुरं झालं का गं?’’ त्या रागानं म्हणाल्या की काळजीनं, हे मला आजही कळलेलं नाही.

पत्रकाराच्या सवयीनं मी दुसऱ्या दिवसापासून चौकशीला लागले. नियम काय म्हणतो, पोलीस काय करू शकतात, आणि आपल्या हातात काय आहे?

नियम आपल्या बाजूनं आहे, आणि तो आजकालचा नाही. १९८९ च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमांतच कोणत्याही जागेचं प्रवेशद्वार अडेल अशी गाडी उभी करू नये, असं लिहिलं होतं. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, त्यांतही ही मनाई आहे. म्हणजे फाटकावर ‘नो पार्किंग’ची पाटी असो वा नसो, फाटक अडवणं हा गुन्हाच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा अशा साध्या गुन्ह्यांचा दंड शंभरावरून पाचशे रुपये झाला आणि पुन्हा तेच केलं तर तीनशेवरून दीड हजार. त्याच १९८८ च्या कायद्याचं कलम १२७ पोलिसांना असं बेकायदा लावलेलं वाहन उचलून नेण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार देतं. उचलण्याचा खर्चही मालकाकडूनच घेतला जातो.

आता यातली गंमत बघा. जॅमर म्हणजे गाडी जागची हलू नये म्हणून लावलेलं कुलूप. ते तुमच्या फाटकासमोरच्या गाडीला लागलं, तर मालकाला अद्दल घडेल खरी, पण अडकाल तुम्ही! मालक दंड भरेपर्यंत गाडी तिथेच. म्हणून वाहतूक पोलिसांना फोन कराल, तेव्हा नुसतं ‘इथे चुकीचं पार्किंग आहे’ असं म्हणू नका. ‘आमच्या घराचं फाटक अडलं आहे, आम्हाला बाहेर पडायचं आहे, गाडी उचलायला क्रेन पाठवा’ असं स्पष्ट सांगा. गाडीचा नंबर, रंग, जवळची खूण आणि तुमचं नाव एका दमात सांगता आलं पाहिजे. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही, म्हणून मी आमच्या फोनजवळ कागदावर लिहूनच ठेवलं आहे. शहराच्या वाहतूक पोलिसांचा आणि जवळच्या चौकीचा नंबर आधीच शोधून ठेवा. आत रुग्ण अडकला असेल, तर ११२ लावायला संकोच करू नका. आणि गाडी, तिचा नंबर आणि तुमचं फाटक एकाच चित्रात येईल असा फोटो काढा. नुसत्या नंबरपट्टीच्या फोटोवरून फाटक अडल्याचं सिद्ध होत नाही.

सरकारच्या ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मालक सापडतो, असा अनेकांचा समज आहे. तिथे गाडीची माहिती मिळते, पण मालकाचं पूर्ण नाव किंवा फोन मिळत नाही. ते योग्यच आहे म्हणा, नाहीतर रस्त्यात भांडण झालं की कोणीही कोणाच्या घरी पोहोचलं असतं. मालकापर्यंत पोहोचणं हे पोलिसांचं काम. गाडी रस्त्यावर नसून सोसायटीच्या आवारात असेल, तर वाहतूक पोलीस सहसा हात वर करतात. तिथे सोसायटीच्या कमिटीकडेच जावं लागतं, आणि कमिटीकडे जाण्याबद्दल मी काय सांगू? ज्यांनी जाऊन पाहिलं आहे, त्यांना ठाऊक आहे.

कायदा सांगून झाला. आता शेजाऱ्यांबद्दल बोलते.

आमच्या समोरच्या इमारतीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं एकदा त्यांच्या फाटकासमोरच्या गाडीच्या दोन चाकांतली हवा सोडली. सगळ्या गल्लीनं मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. गाडीवाला निघाला तापानं फणफणलेल्या मुलीला दवाखान्यात घेऊन आलेला बाप. मुलीला कडेवर घेऊन तो पंक्चरवाला शोधत फिरला. एक चाक सुटं मिळालं, दुसऱ्याचं काय? अडीच तास गाडी तिथेच होती. एरवी ती दहा मिनिटांत गेली असती! तो मुलगा त्या दिवशी स्वतः क्लासला जाऊ शकला नाही. हवा सोडणं, ओरखडे काढणं, वायपर वाकवणं, यांत आपला राग निघतो, पण गाडी निघत नाही. शिवाय तोपर्यंत चूक त्याची असते, नंतर तक्रार आपल्यावर होते.

पलीकडच्या अण्णांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी फाटकासमोर रस्त्यावर दोन्ही बाजूंना पांढरे रंगवलेले दगड ठेवले, मग दगडांच्या मध्ये कुंड्या आणि कुंड्यांच्या मध्ये साखळी. एका रात्री दुचाकीवरून येणारा दूधवाला साखळीला अडकून पडला, तेव्हा प्रकरण त्यांच्या अंगाशी आलं. आपल्या सगळ्यांचाच इथे गोंधळ होतो. फाटकातून ये-जा करायचा हक्क आपला आहे, फाटकासमोरचा रस्ता आपला नाही. भिंतीलगतची जी जागा फाटक सोडून आहे, तिथे कोणी परक्यानं गाडी लावली आणि तिथे सरकारी मनाईचा फलक नसेल, तर आपल्याला कितीही खुपलं तरी तो चुकत नाही. पुण्यात पी-१, पी-२ चे, म्हणजे सम-विषम तारखांचे फलक असतात, ते लावण्याचा अधिकार पोलिसांचा. आपण घरी रंगवलेला ‘नो पार्किंग’ म्हणजे केवळ विनंती. आणि आपल्याच फाटकासमोर आपण आपली दुसरी गाडी ‘राखण’ म्हणून लावतो, ते काय आहे, हे विचारून अण्णांना मी आणखी दुखावलं नाही.

त्यांच्या जवळच्या नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर तर संगमरवरात कोरलेलं आहे, ‘पाहुण्यांनी आपली वाहने बाहेर लावावीत’. बाहेर म्हणजे कुठे? बाहेर म्हणजे आमच्याकडे! इमारती उभ्या राहताना गाड्यांची जागा नकाशात असते, आणि नंतर ती विकली जाते नाहीतर अडगळीनं भरते. इमारतीखालच्या खांबांमधली पार्किंगची मोकळी जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दहिसरमधल्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सांगितलं. तरी पाहुणा बाहेरच. जपाननं १९६२ मध्येच कायदा केला, की गाडी ठेवायला जागा आहे असं आधी दाखवा. आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी तसाच विचार बोलून दाखवला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘आणि कार्यालयाला विचारा म्हणावं, पाचशे पानं उठतात, तर गाड्या किती?’’

तोच प्रश्न घेऊन मी कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडे गेले. भांडायला गेले नाही, पत्र घेऊन गेले. गल्लीतल्या नऊ घरांच्या सह्या, चार वेगवेगळ्या तारखांचे फोटो आणि नानांच्या डायलिसिसच्या वारांचा कागद. एकट्यानं केलेली तक्रार म्हणजे कटकट असते, नऊ घरांची झाली की अर्ज होतो. त्याची एक प्रत वाहतूक चौकीत देऊन पोहोच घेतली होती, तीही वर ठेवली. व्यवस्थापक आधी म्हणाले, ‘‘मॅडम, रस्त्यावरच्या गाड्यांची जबाबदारी आमची नाही.’’ मी म्हटलं, ‘‘जबाबदारी नका घेऊ. मुहूर्ताच्या दिवशी तुमचा एक वॉचमन दोन तास आमच्या बाजूला उभा करा. आणि मंगलाष्टकांच्या आधी एकदा माइकवर सांगा.’’ त्यांनी बरोबर मुद्दा पकडला. ‘‘आधी? म्हणजे गाडी काढायला गेलेला माणूस अक्षतांना परत येईल!’’ ते म्हणाले. त्या दिवसापासून मुहूर्ताला वीस मिनिटं असताना गुरुजींच्या शेजारून घोषणा होते. वॉचमन कधी असतो, कधी नसतो. पण महिन्यातून चार-पाचदा फाटक अडायचं, ते आता एखाद्या वेळी.

पाटीही बदलली. आमच्या जुन्या पाटीवर तीन उद्गारचिन्हं होती आणि हवा सोडण्याची धमकी. पुण्यात अशा पाट्या लोक गाडी लावून झाल्यावर वाचतात, हसतात, फोटो काढतात आणि निघून जातात. नवी पाटी सासूबाईंनी सांगितली, मी लिहिली. ‘या घरातील रुग्णास कोणत्याही वेळी रुग्णालयात न्यावे लागते. कृपया फाटक मोकळे ठेवावे. गाडी लावणे भागच पडल्यास काचेवर आपला फोन नंबर ठेवावा.’ शेवटच्या ओळीवरून आमच्या घरात वाद झाला. ‘‘म्हणजे लावायला परवानगीच देताय की!’’ असं ह्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लावणारा लावणारच आहे. निदान सापडेल तरी.’’

त्या ओळीमागे माझीही एक गोष्ट आहे, ती ह्यांनी त्या वादात काढली नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाशिकला मावसभावाच्या मुलाची मुंज होती. आम्हाला उशीर झाला होता, ऊन मी म्हणत होतं. ‘‘इथेच लावा ना, दोनच मिनिटं. आहेराची पिशवी आत ठेवून येते,’’ असं मीच म्हणाले होते. एका घराचं हिरवं फाटक होतं, आत झोपाळा होता, हे सगळं मला दिसलं होतं. आत गेल्यावर आत्या भेटली, मग मामी भेटली, मग ‘भिक्षावळ बघून जा’ म्हणाले. माइकवरून ‘एमएच बारा’ ऐकलं, तेव्हा मी हातात जिलबी घेऊन हसत होते आणि कोणाची बाई अशी बेफिकीर गाडी, असं शेजारणीला म्हणत होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर आले, तर त्या हिरव्या फाटकाशी एक आजी उभ्या होत्या, हातात औषधाची पिशवी, आणि त्यांच्यामागे स्कूटर धरून त्यांचा मुलगा. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. डिसेंबरात तो गृहस्थ पंगतीतून धावत आला, तेव्हा मला ओरडता आलं नाही, ते काही केवळ त्याच्या भलेपणामुळे नव्हे.

तेव्हापासून आमच्या गाडीच्या काचेमागे फोन नंबर लिहिलेलं कार्ड कायम असतं. नंबर परक्यांना दिसतो म्हणून काही जण कचरतात. बायकांचं कचरणं मला समजतं, आम्ही त्यावर ह्यांचाच नंबर लिहिला आहे. आणि जिथे फाटक आहे, तिथे गाडी लावायची नाही, मग कितीही मागे चालत यावं लागो, हे घरात ठरलं आहे. नाशिकच्या उन्हातसुद्धा.

गेल्या आठवड्यात पुन्हा शुक्रवार होता आणि पुन्हा मुहूर्त. बाराला दहा कमी असताना बघते, तर फाटकासमोर निळी गाडी. पण काचेवर चिठ्ठी होती. मी फोन लावला. पलीकडे सनईचा आवाज आणि त्यात एक मुलगी ‘‘आले, आले!’’ ओरडत होती. नारिंगी पैठणी सावरत, उंच टाचांच्या चपला हातात घेऊन ती अनवाणी धावत आली. नाना पायरीवरच्या खुर्चीतून म्हणाले, ‘‘अगं सावकाश, पडशील!’’

गाडी मागे घेताना तिनं काच खाली केली. ‘‘सॉरी आजी. दोनच मिनिटं झाली हो.’’

सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. ‘‘सात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘जा आता, अक्षता चुकतील.’’